मच्याडो सरांची गाळणी

बस्त्याव मच्याडो सरांच्या तोंडी सगळ्यात जास्त वेळा कोणता शब्द असे, हे आमच्या शाळेतल्या कोणालाही विचारा. उत्तर एकच येईल: ‘गाळलं.’ मुख्याध्यापिकांनी सांगितलेलं काम झालं नाही, की सर शांतपणे म्हणत, ‘‘मॅडम, ते माझ्या मेंदूनं गाळलं.’’ चूक आपली नाही, आपल्या कवटीत बसलेल्या कुणा स्वतंत्र अधिकाऱ्याची आहे, आणि त्याच्या कारभारात आपण ढवळाढवळ करत नाही, असा एकूण सूर. मी त्या शाळेत मराठी शिकवत होते, सर विज्ञान. शिक्षकखोलीत आमची टेबलं समोरासमोर होती. त्यामुळे हे गाळणं मला रोज जवळून पाहायला मिळालं.

सर वसईजवळच्या भुईगावचे, वाडीवाले. उंच, शिडशिडीत, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कोणी बोलायला लागलं की मान थोडी तिरकी करून समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. नवीन माणसाला वाटे, काय मन लावून ऐकतात हो हे! आम्हा जुन्यांना ठाऊक होतं की इतकं मन लावून ऐकल्यावरही सर ‘गाळलं’ म्हणू शकतात.

त्यांचा मेंदूवरचा तास मात्र खरंच ऐकण्यासारखा असे. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत असे आणि माझी मुलं भिंतीपलीकडे कान लावून बसत. सर त्या दिवशी घरून चहाची गाळणी आणत. ती उंच धरून विचारत, ‘‘हे काय आहे?’’

‘‘गाळणी, सर!’’

‘‘चूक. हे तुमचं डोकं आहे.’’

वर्ग खूश. मग सर आवाज खाली आणून विचारत, ‘‘पंखा वाजतोय का रे?’’ त्या वर्गातला पंखा वर्षानुवर्षं कुरकुरत होता, पण सरांनी विचारेपर्यंत तो कोणालाही ऐकू आलेला नसे. विचारल्याबरोबर तो असा काही किरकिरायला लागे की पुढचा आठवडाभर मुलं माझ्या तासालाही वर बघत बसत. ‘‘कान मघापासून ऐकतच होता,’’ सर सांगत. ‘‘कान बिचारा शिपाई. आलेलं टपाल आत नेऊन टाकतो. साहेब आत बसलाय. कुठलं वाचायचं आणि कुठलं टोपलीत टाकायचं, ते साहेब ठरवतो. सगळंच टपाल वाचायला बसला तर दुपारपर्यंत वेडा होईल.’’ मग पायातल्या मोज्यांची पाळी. सकाळी मोजे चढवताना कळतात, नंतर दिवसभर पायांवर असूनही कळत नाहीत, कारण साहेबानं त्यांची फाईल बंद केलेली असते. सर मोज्यांचं नाव काढत आणि अख्ख्या वर्गाचे पाय खाजायला लागत. शेवटी नाक. आपलं नाक आपल्या डोळ्यांना सदासर्वकाळ दिसत असतं, पण मेंदू ते चित्रातून पुसून टाकतो. ‘‘बघा, बघा, दोन्ही डोळ्यांनी नाक बघा!’’ एकदा नेमक्या त्याच क्षणी मुख्याध्यापिका शिक्षणाधिकाऱ्यांना घेऊन वर्गाच्या दारात आल्या. समोर अख्खा वर्ग तिरळा. त्यावर सरांचं म्हणणं असं, की पाहुणे आलेले त्यांच्या मेंदूनं गाळले.

तासाच्या शेवटी सर एक नियम फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढत. मेंदू सगळं गाळेल, स्वतःचं नाव गाळणार नाही. ‘‘पापडीच्या बाजारात उभे राहा,’’ सर सांगत. ‘‘कोळणी ओरडतायत, रिक्षावाले ओरडतायत, कुणाचं काही समजत नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच तुमचं नाव घेतं. मान वळतेच! हाक सासूची असो की सावकाराची. नाव टोपलीत जात नाही.’’ भुईगावातल्या निम्म्या घरांत सरांचे विद्यार्थी आहेत, आणि विज्ञानातलं बाकी सगळं विसरले असले तरी हा नियम त्यांना पाठ आहे. तो पुढे सरांवरच उलटणार होता.

पंचाईत अशी, की सर हे शास्त्र वर्गातच ठेवून येत नसत. शिक्षकखोलीत त्यांची खुर्ची कायम कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. ‘‘मागून येणारा आवाज बहुधा बिनकामाचा असतो,’’ हे त्यामागचं तत्त्वज्ञान. मिशीवाल्या माणसांवर त्यांचा विशेष राग. आमचे क्रीडाशिक्षक म्हात्रे सर जूचंद्रचे, आणि त्यांची मिशी अशी भरघोस की वरचा ओठ लग्नानंतर त्यांच्या बायकोनंही पाहिला नसावा. म्हात्रे बोलायला लागले की मच्याडो सर थोडा वेळ त्या मिशीकडे बघत आणि मग वर्तमानपत्र उघडत. ‘‘म्हात्रेच्या बोलण्यात मुद्दा नसतो,’’ ते मला सांगत. म्हात्रे बिचारे वैतागून माझ्याकडे वळत. ‘‘बाई, मी मघापासून कोनाशी बोलतोय? टाकीतलं पानी संपलं, पोरांना हात धुवायला पानी नाय, हेच सांगतोय ना मी?’’ मी वर्तमानपत्रावर टकटक करून सरांना सांगे, की टाकीत पाणी नाही. ‘‘अरेच्चा!’’ सर म्हणत. ‘‘हे त्यानं का नाही सांगितलं?’’

भुईगावात मात्र या गाळण्यानं त्यांना हुतात्म्याची नसली तरी त्याच्या जवळपासची पदवी मिळवून दिली. वसई पूर्वेकडच्या एका बिल्डरचा दलाल त्यांच्या वाडीवर डोळा ठेवून होता. एका दुपारी तो आला, ओटीवर बसला, बोलू लागला. हा मनुष्य तोंडात गुटखा धरून, ओठ न हलवता बोलणारा. सर त्याच्यासमोर स्थिर. ना हो, ना नाही, ना चेहऱ्यावर रेघ. दलालाला वाटलं, पार्टी कसलेली आहे. त्यानं भाव वाढवला. सर स्थिर. पुन्हा वाढवला, फ्लॅट देऊ केला, लिफ्टचं वर्णन केलं, शेवटी आवाज चढवून पाया पडण्यापर्यंत आला. सर उठले, म्हणाले, ‘‘केळी न्यायची असतील तर मागच्या बाजूला या,’’ आणि आत गेले. ही हकिगत आळीत सगळीकडे पसरली. गावच्या सभेत फादरांनी तिचा दाखला दिला. सर मान तिरकी करून, फादरांच्या तोंडाकडे बघत, नम्रपणे हसले. आज मला स्वच्छ दिसतं की त्या दलालाचं एक अक्षरसुद्धा त्यांच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. पण तेव्हा मीही इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या.

आणि घरी मार्था वहिनी. सरांची पत्नी. वाडी खरं तर ही बाई चालवते. केळी, पानवेल, मोगरा, दुधी, सगळं तिच्या हातचं. घरात ती त्यांची गावबोली बोलते, माझ्याशी ठेवणीतली मराठी. सरांना हाक मारायची ती ‘अवो’ अशी. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही तिच्या सासूची शिस्त, आणि सासू गेली तरी शिस्त राहिलेली. ‘‘अवो, गॅस संपलाय.’’ ‘‘अवो, पंपाचा माणूस आलाय.’’ ‘‘अवो, ऐकलं का?’’ स्वयंपाकघरातून, विहिरीवरून, केळीतून हाका येत, आणि सर ओटीवर पेपर वाचत निवांत. पाहुण्यांदेखत वहिनी तक्रार करी तेव्हा सरांचं उत्तर तयार असे. ‘‘शास्त्र समजून घे, मार्था. मेंदू फक्त नाव सोडतो आत. ‘अवो’ हे काय माझं नाव आहे? या वसईत ‘अवो’ म्हटल्यावर वळणारे हजारो नवरे पडलेत. माझ्या मेंदूनं उगाच दखल का घ्यावी?’’ पाहुणे हसत. पुरुष जरा जास्तच हसत. वहिनीही सुरुवातीच्या वर्षांत हसे. नंतर नंतर ती ताटं उचलायच्या निमित्तानं आत जायला लागली.

एकदा चर्चच्या सणाला त्यांच्याकडे जेवायला गेले होते. वहिनी चुलीपाशी वडे तळत होती, मी शेजारी स्टुलावर. तिनं बाहेर दोनदा हाक मारली, उत्तर नाही. मग ती पायात घुटमळणाऱ्या मांजराला म्हणाली, ‘‘मने, तू तरी ऐकतेस ना गो?’’ आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, ‘‘बाई, तुमचे हे तुमचं ऐकतात?’’

‘‘ऐकतात, पण करत नाहीत,’’ मी म्हटलं.

‘‘ते बरं,’’ वहिनी म्हणाली. ‘‘करू नये एकवेळ. पण ऐकावं माणसानं.’’

सरांना त्या मांजराचं कौतुक फार. ‘‘या प्राण्याकडून शिकावं,’’ असं ते म्हणत. ‘‘हाक ऐकू येते, कान हलतो, पण मान वळत नाही. याला म्हणतात गाळणी!’’

मग मास्कचे दिवस आले. ते सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. सगळ्या जगाची तोंडं झाकली गेली आणि मच्याडो सरांना अचानक उपवासकाळाची ओढ लागली. ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधी काही ना काही सोडतात. कोणी मटण सोडतं, कोणी दारू. सरांनी बोलणं सोडलं. मौन. घरातच होते सगळे, कोणाला काही वावगं वाटलं नाही, उलट फादरांनी फोनवरून शाबासकी दिली. फोन अर्थात वहिनीनं घेतला. पण ईस्टर झाला, अंडी वाटली, लोकांचं मटण सुरू झालं, तरी सरांचं मौन सुटेना. कुणी मास्क लावून फाटकाशी आलं की सर छातीवर क्रुसाची खूण करून आत जात. आळीत बोलवा झाली, की मच्याडो सर आता अध्यात्माकडे वळले. मास्क उतरले तसं अध्यात्मही उतरलं, आणि सर पुन्हा चारचौघांत येऊन माणसांच्या तोंडाकडे बघू लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. एवढा मोठा पुरावा आम्हा सगळ्यांच्या मेंदूंनी गाळला.

पुरावा पूर्ण झाला तो मे महिन्यात, क्रुसापाशी. भुईगावात मे महिना मारियामातेचा. संध्याकाळी आळीतली माणसं आळीच्या क्रुसाजवळ जमतात आणि रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, म्हणतात. एक जण पुढे उभा राहून ‘नमो मारिया’चा पहिला अर्धा भाग म्हणतो, उरलेला अर्धा सगळे मिळून म्हणतात, की लगेच तो पुढचा मणी घेतो. मणी मागे पडत जातात, दोन्ही आवाज एकमेकांत अडकत नाहीत, लाटा याव्यात तसं चालतं. निवृत्त झाल्यापासून पुढे उभं राहण्याचा मान सरांनी कोणाला घेऊच दिला नव्हता. लोकांना वाटे, मास्तरांची हौस आहे. मी त्या संध्याकाळी होते, कारण वहिनीनं कैऱ्या न्यायला बोलावलं होतं आणि म्हणाली, रोझरी झाल्यावर चणे खाऊनच जा. मी मागे पेरूच्या झाडाखाली उभी राहिले. सर क्रुसाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून. वर ट्यूबलाइट. समोर पहिल्या रांगेत वहिनी, आणि सरांची नजर तिच्या ओठांवर. मला वाटलं, या वयातही काय ही माया.

अर्धी रोझरी झाली आणि वीज गेली. क्रुसाजवळच्या मेणबत्त्या खाडीकडच्या वाऱ्यानं आधीच विझलेल्या. अंधार झाला, पण प्रार्थना थांबायचं कारण नव्हतं, पाठच होती सगळ्यांना. लोक आपला अर्धा भाग म्हणत होते, तेवढ्यात सरांनी मध्येच ‘नमो मारिया’ सुरू केली. लोक अडखळले, सावरले. पुढच्या वेळी लोकांचं म्हणून संपलं आणि सर सुरूच करेनात. सगळे ताटकळले. मग सरांनी सुरू केलं, आणि लोक पहिल्या शब्दावर असतानाच पुन्हा त्यांच्या अंगावर गेले. मागून कोणीतरी फिसकन हसलं. एक म्हातारी म्हणाली, ‘‘अरे मास्तर, आम्हाला बोलू दे की रे!’’ सर चालूच. ‘‘अवो,’’ वहिनीनं हळूच हाक मारली. ‘‘अवो, थांबा जरा.’’ सर चालूच. मग हळूहळू लोक गप्प झाले. म्हणजे ठरवून नव्हे, जमेनाच कोणाला. आणि अंधारात एकटे सर उरले. आपला अर्धा भाग म्हणायचे, मग लोकांच्या उत्तराला जेवढा वेळ लागावा अशी त्यांची अटकळ होती तेवढा वेळ थांबायचे, आणि त्या शांततेत पुढचा मणी घ्यायचे. समोर पन्नास माणसं तोंडं मिटून उभी, आणि सरांच्या हिशेबानं सगळे उत्तर देत होते.

तेव्हा वहिनीनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं. ‘‘बस्त्याव!’’

स्पष्ट, मोठ्यानं, चार हातांवरून. आळीतल्या प्रत्येकाला फळ्यावरचा तो नियम आठवला असणार, त्याखालच्या दोन रेघांसकट. मेंदू सगळं गाळेल, स्वतःचं नाव गाळणार नाही. सर थांबले नाहीत. त्यांनी पुढचा मणी घेतला.

वीज आली. सरांनी बघितलं तर सगळी तोंडं मिटलेली, सगळे डोळे त्यांच्यावर. मी इतक्या वर्षांत त्या माणसाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांचा हात माळेवर तसाच राहिला. ‘गाळलं’ म्हणतील असं मला वाटलं. तेसुद्धा म्हणेनात. मग वहिनीनं एकटीनं लोकांचा अर्धा भाग म्हणायला सुरुवात केली, एकेक शब्द ओठांनी चांगला रुंद करून, लहान मुलाला शिकवावा तसा. दुसऱ्या वाक्यापर्यंत आळी तिच्यात मिसळली आणि रोझरी व्यवस्थित पार पडली. चणे वाटले गेले. कोणी काही बोललं नाही. आळी तशी बरी आहे.

घरी आल्यावर सर ओटीवरच्या खुर्चीत चण्यांचा कागद उलगडून बसले. वहिनी त्यांच्या मागे, दारात उभी राहिली. मी पायरीवर, कैऱ्यांची पिशवी घेऊन. वहिनी नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘‘अवो, उद्या वाडी विकून टाकते मी.’’ सर चणे खात होते. ‘‘सगळी केळी तोडून टाकते.’’ सर चणे खात होते. मग ती जराही आवाज न चढवता म्हणाली, ‘‘इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला माझं ऐकायचं नसतं.’’

सरांनी माझ्याकडे बघून कागद पुढे केला. ‘‘घ्या ना बाई. चांगले शिजलेत.’’

मी दोन चणे उचलले आणि निघाले. वहिनी मला सोडायला फाटकापर्यंत आली. रागानं नव्हे, थकून बोलत होती. ‘‘बहिरा नवरा मी सांभाळला असता हो, बाई. त्यात काय एवढं? मोठ्यानं बोलले असते, खुणा केल्या असत्या. पण त्यांनी मला तसं कळू दिलं नाही. चारचौघांत हसवलं. मी चुलीपाशी उभी राहून विचार करायची, की माझ्या बोलण्यात असं काय वाईट असेल.’’ मला सरांचा त्या क्षणी संताप आला, आणि अजूनही तो पुरता गेलेला नाही. आपल्याकडे बायकोचं न ऐकणं हा पुरुषाचा रुबाब, आणि ऐकू न येणं ही नामुष्की. मच्याडो सर शहाणे. दोहोंतलं परवडेल ते त्यांनी निवडलं, आणि किंमत वहिनीनं मोजली.

त्या रात्रीपासून वहिनीनं सरांशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, आदळआपट नाही. वेळेवर ताट, वेळेवर चहा, धुतलेले शर्ट. फक्त शब्द नाही. ‘अवो’सुद्धा नाही.

त्यांची लेक ग्लोरिया बंगळुरूहून आली आणि वडिलांना जवळजवळ बखोट धरून कानाच्या तपासणीला घेऊन गेली. तिथे यंत्र बसवणारी एक तरुण मुलगी होती. तिनं सरांसमोर मेंदूचं चित्र ठेवलं. हे मला ग्लोरियानं सांगितलं, आणि सांगताना ती रडायच्या बेतात असूनही हसत होती. ती मुलगी सरांना सावकाश, बोट ठेवून समजावत होती, ‘‘अंकल, ऐकतो तो मेंदू. कान फक्त आवाज आत पोचवतो, काय? तुमच्या मेंदूला बरीच वर्षं आवाज मिळाले नाहीत, त्यामुळे कुठले सोडून द्यायचे ते तो विसरलाय. आता सुरुवातीला सगळंच एकदम ऐकू येईल. त्रास होईल. त्याला परत शिकवावं लागेल.’’ उभी हयात हा धडा शिकवलेले सर शेवटच्या बाकावरच्या मुलासारखे मान हलवत होते. ‘‘समजलं ना, अंकल?’’ तिनं विचारलं. सर म्हणाले, ‘‘थोडं थोडं.’’

आणि मग गाळणीच फाटली. यंत्र कानात गेल्यापासून सरांना जग ऐकू येऊ लागलं, आणि जग किती गलिच्छ आवाज करतं ते कळलं. पंखा, पाण्याचा पंप, शेजारचा मिक्सर, पत्र्यावर चालणारा कावळा, रस्त्यानं जाणारे टँकर, स्वतःच्या चपला, स्वतःचं चावणं. वर्तमानपत्राचं पान उलटलं की दचकत. मी भेटायला गेले तेव्हा माझ्या बांगड्यांकडे अशा नजरेनं बघत होते, जणू मी ढोल बांधून आले आहे. एरवी मला हसू आवरलं नसतं, आणि खरं सांगायचं तर आवरलं नाहीच. ‘‘हसा,’’ सर म्हणाले. ‘‘साहेब सगळं टपाल वाचायला लागलाय, बाई. दुपारपर्यंत वेडा होणार.’’ मग आतल्या दाराकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘सगळं ऐकू येतं. ती सोडून. हे यंत्र नीट चालतंय ना, जरा बघता का?’’

यंत्र उत्तम चालत होतं. मी तसं सांगितलं. ते सांगताना माझ्या बोलण्यात थोडी धार होती, आणि ती त्यांना ऐकू आली. त्यांनी मान खाली घातली. ‘‘मी तिला नीट सांगितलं नाही,’’ असं काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, ‘‘नीट म्हणजे, काहीच सांगितलं नाही.’’ मी विचारलं, ‘‘आता सांगितलंत का?’’ तेवढ्यात बाहेर टँकरनं हॉर्न दिला, आणि सरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

परवा नाताळच्या तयारीच्या दिवसांत पुन्हा गेले होते. ओटीवर कागदाची चांदणी अर्धवट चिकटवून पडली होती. सर खुर्चीत, यंत्र कानात, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलेत. मी बोलायला तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. ‘‘श्श. थांबा.’’

आतून वहिनीचा आवाज येत होता. ती मनीशी बोलत होती. ग्लोरियाचा फोन आला होता, ती नाताळला येते म्हणाली, मने. यंदा राजेळी केळी चांगली लागलीत, दोन घड ग्लोरियासाठी ठेवायचेत. पंपाच्या माणसाला सांगायला हवं, वॉशर गेलाय. म्हातारी लुसीबाय आजारी आहे, तिच्याकडे जाऊन यायला पाहिजे, एकटीनं जायचा कंटाळा येतो गो. एरवी ओटीवर आली असती अशी सगळी बातमी, एकापुढे एक.

‘‘रोज असते,’’ सर कुजबुजले. ‘‘सकाळ-संध्याकाळ. घरातलं सगळं मला आता असंच कळतं, मांजराच्या वाट्याचं.’’ त्यांनी डोळे पुन्हा मिटले. मिक्सर सुरू होता, कावळा पत्र्यावर होता, माझ्या बांगड्या वाजत होत्या. त्यातलं काहीही त्यांना टोचत नव्हतं. ते फक्त एकच आवाज ऐकत होते. मी म्हटलं, ‘‘सर, मी निघते मग.’’ त्यांना ऐकू आलं नाही.

‘‘आणि मने,’’ आतून आवाज आला, मांजराशी बोलायला लागतो त्याहून चांगलाच मोठा, ‘‘बस्त्यावला म्हणावं, चहा निवतोय.’’

सर ताडकन उठले. घाईघाईनं आत निघाले. दारातल्या उंबऱ्यावर मनी अंगाचं मुटकुळं करून केव्हाची झोपली होती. पाय लागू नये म्हणून त्यांनी तिला हळूच ओलांडलं आणि ते आत गेले.